दुसरी नळी

साबणाचा पहिला बुडबुडा नळीच्या तोंडातून सुटला आणि डुलत डुलत वर चढला. शिष्याने लांब काठीला बांधलेली मेणबत्ती त्याला लावली, तेव्हा तो ‘फुस्स’ करून पेटला. सभागृहातल्या तीनशे माणसांनी एका सुरात ‘आऽऽ’ केलं. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक बुडबुडा वर जाई, क्षणभर ज्योत होई आणि विझे.

“अगं बाई, पाणी पेटलं!” मागून कुणीतरी ओरडलं.

“पेटलं नाही, जागं झालं,” व्यासपीठावरचे जलगुरू मंद हसत म्हणाले. “पाणी झोपलेलं असतं, लेकरांनो. तुम्ही त्याला उकळता, गोठवता, घुसळता. पण कधी त्याला हाक मारलीत?”

मारली नव्हती खरी. लोकांनी ओशाळून माना खाली घातल्या.

टेबलावर घागरीएवढं पोलादी भांडं होतं. झाकण घट्ट लावलेलं, भोवती जाड पांघरूण गुंडाळलेलं, जसं काही तापाने फणफणलेलं पोर. झाकणातून निघालेली रबरी नळी साबणाच्या पाण्यात बुडवली होती. तार नाही, बटण नाही, यंत्र नाही. जलगुरूंनी सर्वांदेखत नळाचं पाणी भांड्यात ओतलं, नदीतला एक गुळगुळीत गोटा आत सोडला, झाकण लावून हात धरला आणि डोळे मिटले. तीन मिनिटांत नळीतून जळणारा वायू येऊ लागला.

“हे विद्वान लोक पाण्याला विजेचे चटके देतात,” जलगुरूंनी पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांकडे पाहून डोळे मिचकावले. “चटके देऊन कुणी मनापासून काही देतं का हो? मी नुसतं विचारतो, बा पाण्या, देतोस का? ते म्हणतं, घे की! एवढं सोपं आहे. सहा वर्षं कशाला लागतात?”

हशा पिकला. प्राध्यापकही हसले, कारण न हसून करतात काय. हे सभागृह ज्या विद्यापीठाचं, त्याच्या रसायन विभागात दोन विद्यापीठांची माणसं सहा वर्षं मिळून डोकं फोडत होती. सूर्याच्या विजेने पाणी फोडून स्वच्छ हायड्रोजन काढायचा, तोही महागड्या धातूंशिवाय, असं ते काम. इथे निकेलचे पत्रे घडत आणि परगावच्या विद्यापीठात त्यांची परीक्षा होई. पत्रा अकराशे तास टिकला की पेढीवर दरोडा घातल्यासारखा आनंद, आणि अकराशेएकाव्या तासाला तो झिजला की पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांनी ते काम सुरू केलं, ते चार महिन्यांपूर्वी वारले होते. त्यांची मुलगी शेवटून तिसऱ्या रांगेत बसली होती. ती एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवत असे. तिची आई पहिल्या रांगेत होती, आणि मुलगी बुडबुड्यांकडे न पाहता आईच्या मानेकडे पाहत होती. चार महिन्यांत ती मान आज पहिल्यांदा ताठ होती.

जलगुरू व्यासपीठाच्या कडेला आले आणि त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. “ताई, त्या दिवशी तुम्ही त्यांच्याजवळ नव्हता. औषध आणायला खाली गेला होता. खरं ना?”

आईने मान हलवली.

“पण ते एकटे नव्हते. मी होतो. पाण्याच्या रूपाने होतो. त्यांचा शेवटचा श्वास पाण्याने झेलला. तो इथे आहे,” आणि त्यांनी पांघरुणावर हलकेच थोपटलं. “बघा, सोडतो.”

एक मोठा बुडबुडा सुटला आणि आईच्या डोक्यावर येऊन पेटला. आईने दोन्ही हात वर केले, जसं कुणी उंचावरून उतरणाऱ्या मुलाला घ्यायला करतं.

तीनशे माणसं रडली. मुलगी रडली नाही. तिला फक्त फार थंडी वाजली.

घरी आईने स्वतःहून स्वयंपाक केला. दोन माणसांच्या जेवणाला टेबल मोठं होतं, म्हणून इतके महिने त्या दोघी ओट्याशी उभ्यानेच खात. आज आईने टेबल पुसलं.

“जेव नीट,” आई म्हणाली. “पक्ष्यासारखी टिपू नकोस.”

हे वाक्य मुलीने चार महिन्यांत ऐकलं नव्हतं. तिने भराभर चार घास खाल्ले.

“पुढच्या आठवड्यात करार आहे,” आई सांगू लागली. “दोन विद्यापीठं आणि तिसरे गुरूजी. प्रयोगशाळेला ह्यांचं नाव देणार आहेत. मला दोन शब्द बोलायचेत. आणि ह्यांच्या अकरा वह्या गुरूजींच्या हाती द्यायच्यात.”

“बाबांच्या वह्या?”

“गुरूजी म्हणाले, हे शेवटी शेवटी त्यांच्याकडे गेले होते. सगळं त्यांना सांगून आलेत.”

मुलीने घास खाली ठेवला. “आई, शेवटचे दोन महिने बाबांना जिन्याची पायरी उतरवत नव्हती.”

“मला डोळा लागला असेल तेव्हा गेले असतील.”

“आई.”

“मग देहाने नसतील गेले!” आई ताडकन म्हणाली आणि मग हळू आवाजात, भांडं सरळ करत: “तू नको गं यात खोडा घालू. ह्यांनी तुला उगाच नाही शंकेखोर म्हटलं. लहानपणी वाढदिवसाच्या केकलासुद्धा विचारायचीस, फुगला कशाने.”

दोघी हसल्या. हसणं संपल्यावर मात्र दोघींना कळलं की ही गंमत सांगणारं माणूस तिसरंच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलगी विभागप्रमुखांकडे गेली. प्रमुख वडिलांचेच विद्यार्थी. माणूस वाईट नव्हता, पण गेले चार महिने त्याची अवस्था चालकाशिवाय गाडीत बसलेल्या उतारूसारखी होती. परगावच्या विद्यापीठाकडून पत्रावर पत्र येत होतं, पुढचे निकाल कधी देता?

“सर, तुम्ही खरंच विश्वास ठेवता?”

“विश्वासाचा प्रश्न नाही, ताई. मी माप घेतलंय.” त्यांनी कागद पुढे सरकवला. “त्यांच्या नळीतला वायू पिशवीत भरून आपल्या यंत्रावर तपासला. नव्व्याण्णव पूर्णांक आठ टक्के हायड्रोजन. आपल्या पत्र्यांवरसुद्धा इतका शुद्ध वायू मिळायला दोन वर्षं लागली. मी तीनदा तपासलं. माणूस थाप मारेल, यंत्र कशाला मारेल?”

“आणि भांडं तपासलंत?”

“भांड्याला हात लावू देत नाहीत. परक्याच्या हाताने पाणी बिथरतं म्हणतात.” ते जरा लाजले. “हे मलाही गमतीचं वाटतं. पण वायू तर खरा आहे ना? तुमच्या वडिलांचं काम बंद पडण्यापेक्षा...”

कागदावर खरोखरच तो आकडा होता. यंत्र खोटं बोलत नव्हतं. मुलगी कागद परत देऊन बाहेर पडली, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की आपणच चुकत असू. रस्त्याच्या कडेला थांबून तिने असं वाटू दिलं. फार बरं वाटलं. बाबा एकटे गेले नाहीत. हे एवढं मानलं तर घरी टेबलावर जेवता येईल.

त्या संध्याकाळी तिच्यापुढे चाचणीच्या एकेचाळीस वह्या होत्या. प्रश्न नेहमीचा: पाण्यातून वीज सोडली असता काय होते, आकृती काढा. पाण्याचं भांडं, त्यात उलट्या दोन नळ्या, एका नळीत हायड्रोजन, दुसरीत त्याच्या निम्मा ऑक्सिजन. चाळीस मुलांनी दोन नळ्या काढल्या होत्या. कुणाच्या वाकड्या, कुणाच्या गाजरासारख्या. एकाने घाईघाईत एकच काढली होती. तिने सवयीने लाल पेनने समासात लिहिलं, ‘दुसरी नळी कुठे आहे?’

लिहून झालं, तरी पेन कागदावरून उचललं गेलं नाही.

तिने समासातलं वाक्य पुन्हा वाचलं. मग उठली, दारामागचा कोट घेतला आणि काचवाल्या काकांच्या घरचा रस्ता धरला.

काचवाले काका विद्यापीठाच्या कार्यशाळेत तीस वर्षं काच फुंकत. प्रयोगशाळेतली प्रत्येक वाकडीतिकडी नळी त्यांच्याच फुंकरीने वाकलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या खोपटात बर्नर मांडला होता. दाराला घंटा नव्हती. मुलीने हाक मारली.

“ये गं. पोरक्यासारखी कुठं हिंडतेस?” ते म्हणाले आणि जीभ चावली. “बस. स्टूल डुगडुगतं, सांभाळ.”

“काका, आपल्या प्रयोगशाळेत पाणी फोडतात तेव्हा ऑक्सिजन कुठे जातो?”

“खिडकीबाहेर. हायड्रोजन एका बाजूने निघतो, ऑक्सिजन दुसऱ्या. दुसऱ्या बाजूला मीच नळी लावून दिलेय, भिंतीतून थेट बाहेर. हवेत काय कमी आहे का ऑक्सिजन? कोण मोजत बसतो!”

“बाबा मोजायचे?”

“आधी मोजायचे. मग कामाचा रेटा वाढला. मागच्या तीन वर्षांत नाही मोजला कुणी.”

तिने त्या सकाळीच बाबांच्या वह्या चाळल्या होत्या. शेवटच्या काही वह्यांत हायड्रोजनचा रकाना प्रत्येक पानावर भरलेला, त्याच्या शेजारचा ऑक्सिजनचा रकाना कोरा. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. म्हणजे बाबा जिवंत असते, पहिल्या रांगेत बसले असते, तर त्यांनीही यंत्रावरचा आकडा पाहून कदाचित मान डोलवली असती. वडील गेल्याचं दुःख वेगळं. ते आपल्यासारखेच चुकले असते, या जाणिवेचं दुःख तिला नवं होतं. ते कुणाला सांगणार, तेही कळेना.

“मग गुरूजींच्या भांड्यातला ऑक्सिजन कुठे जातो?” तिने विचारलं. “त्यांना एकच नळी आहे. आणि वायू नव्व्याण्णव टक्के शुद्ध आहे.”

काकांनी बर्नर बंद केला.

“तरीच,” ते म्हणाले. “त्या दिवशी मीही सभागृहात मागं उभा होतो, तेव्हापासून मला काहीतरी खटकतंय. आवाज! आवाज चुकीचा होता गं. दोन्ही वायू एका नळीतून आले असते ना, तर बुडबुडा फुस्स करत नाही. फटाका! कानठळ्या बसतात. माझ्या भुवया दोनदा गेल्यात त्याच्यात. तिथं फुस्स झालं, म्हणजे ऑक्सिजन नव्हताच. आतच कुणीतरी गिळला.”

“कोण गिळतं?”

“लोखंड गंजतं ते काय खाऊन? धातू गिळतो. पण गंज सावकाश. तीन मिनिटांत गिळायचा तर...” ते उठले, फळीवर चाचपडले, आणि तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पुडीचा डबा खाली घेतला. “डोळ्याला चष्मा लाव. मागं सर. आणि हे शाळेत पोरांना करून दाखवू नकोस, कातडी सोलते.”

जाड काचेच्या चंबूत चिमूटभर पूड, डबा झाकायच्या ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्याचे चार तुकडे, त्यावर पाणी. क्षणभर काही नाही. मग चंबू दुधासारखा पांढरा होऊन फसफसू लागला. काकांनी नळी साबणात बुडवली, बुडबुडा सोडला, काडी लावली.

‘फुस्स.’

“हाच,” काका म्हणाले. “हाच आवाज. चंबूला हात लावू नको, तापलाय.”

म्हणून पांघरूण. ती स्टुलावर डुगडुगत बसली. कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. डोळ्यांपुढे मात्र आई टेबल पुसत होती.

करार होण्याच्या आदल्या दिवशी तिने आईला सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग वह्यांची पिशवी कुशीत घेतली.

“तुला बरोबर ठरायचंय,” आई म्हणाली.

“मला तू फसायला नकोयस.”

“आणि मला? मला काय हवंय, विचारलंस?” आईचा आवाज चढला नाही. “दोन मिनिटं मला कुणी सांगितलं की ते एकटे गेले नाहीत. ते तू काढून घेणार. घे. त्याच्या जागी काय देतेस ते सांग.”

मुलगी उठली. ती आपल्या खोलीत गेली. रात्रभर दोन्ही खोल्यांतले दिवे चालू होते, आणि दोघींनाही ते दाराखालच्या फटीतून दिसत होतं.

सभागृह आज काठोकाठ. परगावच्या विद्यापीठातून आलेल्या प्राध्यापक बाई व्यासपीठावर बसल्या होत्या, प्रवासाने शिणलेल्या. दारात जलगुरूंचे शिष्य येणाऱ्याकडून पुन्हा कागद भरून घेत होते: नाव, घरातलं कोण गेलं, शेवटी जवळ कोण होतं. मुलीने मागच्या खेपेला फक्त नाव लिहिलं होतं. आज ती कागद हातात घेऊन तिथेच उभी राहिली. तिच्या पुढच्या माणसाने रडत रडत अख्खी बाजू भरून दिली, आणि शिष्याने ती घडी करून आत नेली.

पाणी ओतलं गेलं. गोटा पडला. डोळे मिटले. बुडबुडे सुटले. ‘आऽऽ’ झालं. प्रमुखांनी यंत्राचा आकडा वाचला आणि टाळ्या पडल्या. आई वह्यांची पिशवी घेऊन व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागली.

“एक प्रश्न आहे,” मुलगी उभी राहिली. “आठवीचा आहे.”

जलगुरू प्रेमळ हसले. “विचार, बाळ. लहान प्रश्नांनाच मोठी उत्तरं असतात.”

“पाणी फुटलं की हायड्रोजनबरोबर निम्मा ऑक्सिजन निघतो. तुमच्या वायूत तो नाही. कुठे गेला?”

“प्राणवायू?” गुरूंनी छातीवर हात ठेवला. “अगं, तो मी प्राणात घेतो! जळण तुम्हाला, प्राण मला. वाटणी बरी आहे ना?”

प्रचंड हशा. प्रमुखही हसले. परगावच्या बाई मात्र हसता हसता थांबल्या. त्यांनी प्रमुखांकडे वाकून विचारलं, “तुम्ही ऑक्सिजन मोजला?”

“आपण... आपण तो कधीच मोजत नाही, मॅडम. बाहेर सोडतो.”

“आम्हीही सोडतो,” बाई पुटपुटल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, जसा परीक्षेत सोपं गणित सोडून आलेल्या मुलाचा उतरतो. “इतका शुद्ध आहे, हेच चुकीचं आहे. अहो, हेच चुकीचं आहे!”

काचवाले काका तोवर काखेत चंबू घेऊन वर पोचले होते. त्यांनी काचेत पूड टाकली, पत्र्याचे तुकडे टाकले, पाणी ओतलं. काचेतून सगळ्यांना सगळं दिसत होतं. फेस चढला. बुडबुडा सुटला. फुस्स.

“आता माझं तप म्हणाल,” काका लोकांना म्हणाले, “तर आज मी दाढीसुद्धा केलेली नाही.”

यावेळी हशा वेगळा होता, अवघडलेला. “पत्रा ऑक्सिजन खातो,” मुलगी म्हणाली, “हायड्रोजन सुटतो आणि भांडं तापतं. पांघरूण काढा, म्हणजे कळेल.”

“खबरदार! पाणी बिथरेल!” शिष्य धावले. पण परगावच्या बाई जवळ होत्या. त्यांनी पांघरूण ओढलं, भांड्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. काकांनी जाड हातमोजे घालून झाकण उघडलं, भांडं कलतं केलं. पांढुरकं, राखाडी पाणी बादलीत पडलं, त्याच्यासोबत गोटा. काकांनी आत टकटक केलं.

“याला दोन बुडं आहेत हो! वरच्याला भोकं आहेत, चाळणीसारखी.”

वरची चकती त्यांनी चिमट्याने उचकटली. खाली लगदा होता आणि त्यात अजून न विरघळलेले चकचकीत पत्र्याचे तुकडे. गोटा बिचारा निर्दोष होता. त्याने काहीच केलं नव्हतं.

सभागृहात गलका उठला. कुणी शिव्या देत होतं, कुणी ‘हे मुद्दाम केलंय, गुरूजींचं पाणी बाटवलं’ म्हणत होतं. जलगुरू मात्र ढळले नाहीत. असली माणसं भांडं फुटलं तरी पाणी हातात धरल्याचा आव आणतात. ते सरळ आईकडे वळले.

“ताई, भांडं सोडा. तुमच्या मुलीला एवढंच विचारा. तो दिवस मला कसा कळला? औषध आणायला गेलात, हे मला कुणी सांगितलं?”

“तूच लिहून दिलंस, आई,” मुलगी म्हणाली. “दारातल्या कागदावर. तुझ्या अक्षरात.”

“आणि त्या वेळी,” जलगुरूंनी शेवटचा बाण काढला, “तिच्या वडिलांजवळ कोण होतं, हे हिचं विज्ञान सांगेल का?”

आई पायऱ्यांच्या मध्येच उभी होती, पिशवी छातीशी धरून. ती मुलीकडे पाहत होती, आणि त्या नजरेत विनवणी होती. काहीतरी सांग. काहीही सांग.

मुलीला वाटलं, एक वाक्य. एक मऊ वाक्य, आणि आई घरी येईल. तिच्या तोंडात ते वाक्य तयारही झालं.

“कोणी नव्हतं,” ती म्हणाली. “आई दुकानात होती. मी वर्गात होते. बाबा एकटे होते. मला हे माहीत आहे आणि हे मला सहन होत नाही. पण सहन होत नाही म्हणून तिथे कुणालातरी नेऊन बसवायचं नाही. हा माणूस तिथे नव्हता.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई उतरली. वह्या तिने कुणालाच दिल्या नाहीत, गुरूंना नाही, प्रमुखांना नाही, मुलीलाही नाही. ती बाजूच्या दाराने बाहेर पडली.

जलगुरू त्याच संध्याकाळी गेले. बाहेर त्यांच्या गाडीभोवती तरी पन्नास माणसं होतीच, ज्यांना अजून आपापलं माणूस भेटायचं होतं. करार दोन विद्यापीठांतच झाला, आणि परगावच्या बाईंनी त्यात स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: यापुढे दोन्ही ठिकाणी दोन्ही वायू मोजले जातील. प्रमुख मुलीला म्हणाले, “ताई, आठवीतलं होतं हो.” ती म्हणाली, “आठवीतलंच विसरायला होतं, सर. कठीण गोष्टी आपण दहादा तपासतो.”

ज्यांचं कुणी गेलं आहे, त्यांना एक सांगावंसं वाटतं. दुःखात माणूस उत्तर शोधत नाही, तो ओलावा शोधतो, आणि फसवणारा नेमका तोच विकायला बसलेला असतो. म्हणून जिथे फक्त मिळतं आणि काहीच खर्ची पडत नाही, तिथे थांबा. उरलेलं कुठे गेलं, ते विचारा. झाकण उघडायला लावा. विचारल्याने गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. त्याच्या नावावर खोटं बसवल्याने होतो.

आई तीन दिवस बोलली नाही. दोघी पुन्हा ओट्याशी उभ्याने जेवल्या. चौथ्या दिवशी मुलगी शाळेतून आली, तर आई अंधारात बाहेरच्या खोलीत बसलेली. दिवा लावू नको म्हणाली.

“औषधाच्या दुकानात गर्दी नव्हती,” आई म्हणाली. “मी सगळ्यांना सांगितलं, रांग होती म्हणून. दोनच माणसं होती. औषध घेतलं आणि दुकानाच्या समोरच्या बाकावर बसले. दमले होते गं. किती महिन्यांत बसले नव्हते. म्हटलं, पाच मिनिटं. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. पाचाची पंधरा झाली असतील. मला बरं वाटलं, बस, एवढंच. वर आले तर...”

मुलगी खाली, आईच्या पायांशी बसली. तिला कितीतरी गोष्टी म्हणता आल्या असत्या. दमलेल्याने बसायचंच असतं. बाबांना कळलं असतं. सगळं झोपेत झालं. यातलं काही तिला माहीत नव्हतं.

“त्या पंधरा मिनिटांनी फरक पडला असता का,” आई म्हणाली, “हे मला कळायला हवं. आणि मला ते विचारायची भीती वाटते. म्हणून मी त्याच्याकडे गेले. तो न विचारताच सांगायचा.”

“डॉक्टरांना विचारू,” मुलगी म्हणाली. “उद्या. मी सुट्टी घेते.”

“आणि ते म्हणाले, पडला असता. तर?”

खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. दोघींचे चेहरे एकमेकींना अर्धेच दिसत होते.

“तर तेही ऐकू,” मुलगी म्हणाली. “पण दोघी जाऊ.”

आईने विचारलं, “किती वाजता भेटतात ते?”